एका व्होल्टला किती वेढे

उन्हं चढायला लागली की गावातली वीज उतरायला लागायची. सकाळी दहाला शेतांची वीज सुटायची, सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम पाणी ओढायला लागायच्या आणि तासाभरात घराघरातले बल्ब पेंगुळल्यासारखे व्हायचे. गिरणीचं जातं कण्हायचं, इस्त्रीवाल्याची इस्त्री कोमट पडायची आणि एखादी अशक्त मोटार तशीच कुंथत राहून दुपारपर्यंत आपलं तांबं जाळून घ्यायची. मग मालक कपाळाला हात लावायचा आणि मोटार सायकलच्या कॅरिअरला बांधून, जळलेली तार काढून नवी गुंडाळून देणाऱ्या वायंडरकडे आणायचा. गावाचा उन्हाळा ती वायंडरची सुगी.

यंदा मात्र सुगी दारात आली आणि वायंडरचे हात गेले.

गेले म्हणजे थरथरायला लागले. थंडीत सुरुवात झाली तेव्हा म्हाताऱ्यानं ती थंडीच्या माथी मारली. थंडी गेली, कंप राहिला. चहा कपातून बशीत आणि बशीतून धोतरावर जायचा. चहाचं एक वेळ चालतं, तारेचं चालत नाही. तांब्याची तार एकीला एक खेटून, शिस्तीत बसली पाहिजे. एक जरी वेढा दुसऱ्यावर चढला तरी सगळं बांधलेलं मातीमोल. महिन्याभरात तीन मोटारी जळून परत आल्या. तिसरी परत आली त्या दिवशी म्हातारा जेवताना म्हणाला की पहिल्या तारखेपासून रस्त्याकडची दुकानाची खोली सलूनवाल्याला द्यायची, शब्द दिलाय.

सुनेनं हातातला घास ताटात ठेवला.

सहा वर्षं ती त्या खोलीत म्हाताऱ्याच्या शेजारी खोक्यावर बसत आली होती. लग्न होऊन आली तेव्हा ती रोपवाटिकेत जायची, प्लास्टिकच्या पिशव्यांत माती भरायला. दिवसाला हजार पिशव्या. नखांतली माती रविवारीसुद्धा निघायची नाही. पुढं म्हाताऱ्याला अक्षर दिसेनासं झालं आणि जळलेली गुंडाळी उलगडताना आकडे लिहून घ्यायला कुणीतरी हवं म्हणून तिला बसवून घेतलं. लिहिता लिहिता ती इन्सुलेशनचा कागद कापायला लागली, वार्निश लावायला लागली, तारांच्या जोडांना डाग द्यायला लागली. तार मात्र म्हाताऱ्याची. तार गुंडाळायच्या मशीनची मूठ फिरवायची ती त्यानंच, आणि टायरच्या पट्ट्यांनी विणलेल्या त्या खुर्चीत बसायचं तेही त्यानंच. तिला ती खुर्ची हवी होती. हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, पण हवी होती. आणि पहिल्या तारखेनंतर पुन्हा माती भरायला जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती धीर करून म्हणाली, "मामंजी, मी बांधू का?"

म्हाताऱ्यानं नाही म्हटलं नाही. तो तसा खुल्या मनाचा माणूस. तिरकस होता, पण वाकडा नव्हता. तो म्हणाला, "बांधशील गं. तुझा हात स्थिर आहे. पण जळालेलं मोजायचं आणि तेवढंच परत बांधायचं ही नक्कल झाली. उद्या कुणी नवं बांधून मागितलं, ज्याचं जुनं काही नाहीच, तर काय करशील?"

"हिशेबानं काढीन."

म्हातारा हसला. त्यानं आयुष्यात हिशेब केला नव्हता. जुनं उलगडायचं, मोजायचं, परत बांधायचं. मोजताना तो तोंड उघडायचा नाही, आणि घरात तेवढा वेळ कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. सासूबाई नव्या नवरी असताना एकदा चहा घेणार का असं विचारायला गेल्या, तर उत्तर आलं 'एकशे बारा'. त्या अजून ही गोष्ट भाजी घ्यायला आलेल्या बायकांना सांगायच्या. त्या घराच्या ओट्यावर भाजी विकत आणि नवऱ्याच्या कलेबद्दल त्यांचं मत फारसं मोठं नव्हतं.

पण सुनेचं 'हिशेबानं काढीन' हे नुसतं तोंडचं नव्हतं. सहा वर्षांत तिनं दोन वह्या भरल्या होत्या. मोटारींबरोबर व्होल्ट कमी-जास्त करणारे ट्रान्सफॉर्मरही दुरुस्तीला येत, त्या प्रत्येकाचं लिहिलेलं: लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्याची मधली दांडी किती रुंद, गठ्ठा किती जाड, वेढे किती, किती व्होल्टसाठी. मागच्या पावसाळ्यात काम नव्हतं तेव्हा ती वह्या चाळत बसली. लोखंड मोठं तिथं वेढे कमी, लोखंड लहान तिथं वेढे जास्त, एवढं कुणालाही दिसलं असतं. तिनं पुढं जाऊन दांडीची रुंदी आणि गठ्ठ्याची जाडी यांचा गुणाकार केला, तेवढे चौरस सेंटीमीटर. आणि त्याला एका व्होल्टला पडणाऱ्या वेढ्यांनी गुणलं. आलं बेचाळीस. दुसऱ्या पानावर एक्केचाळीस. तिसऱ्यावर परत बेचाळीस. कुठल्या कुठल्या कारखान्यांतून आलेली लोखंडं, पण सगळी आतून एकाच गोत्रातली. त्या दिवशी तिला इतका आनंद झाला की दूध उतू गेलं तरी कळलं नाही, आणि सासूबाईंची बोलणी तिनं हसत खाल्ली.

म्हणजे बेचाळीसला क्षेत्रफळानं भागायचं, की एका व्होल्टला किती वेढे ते निघतं. ही गोष्ट तिनं म्हाताऱ्याला सांगितली तेव्हा तो एवढंच म्हणाला होता की आकडा छान आहे, घराच्या दारावर लिहून ठेव.

तिनं 'मी बांधू का' विचारल्यानंतर दोनच दिवसांनी दूध केंद्राचा सेक्रेटरी आला, आणि त्याच्यामागून दुधाचा टेम्पो चालवणारा तिचा नवरा, घामाघूम. केंद्रातली दूध थंड करायची टाकी तीन दिवस दुपारी चालूच होत नव्हती. टाकीला दोनशे तीस व्होल्ट लागायचे आणि दुपारी यायचे एकशे सत्तर. मशीन घूं घूं करायचं आणि बंद पडायचं. सकाळचं दूध संध्याकाळी टेम्पो भरेपर्यंत फाटून जायचं. नवरा म्हणाला की काल अख्खी टाकी गटारात सोडली, आणि दूध घालणाऱ्या बायका रिकामे कॅन घेऊन नुसत्या बघत उभ्या होत्या. वीज चढवून देणारा तयार ट्रान्सफॉर्मर शहरातून यायला पंधरा दिवस लागणार होते. तोवर केंद्र बंद ठेवावं लागलं असतं.

"तुम्ही बांधून द्याल का?" सेक्रेटरीनं म्हाताऱ्याला विचारलं. "पाच दिवसांत?"

म्हाताऱ्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. मांडीवर ठेवले होते तरी ते हलत होते. तो काही बोलायच्या आत सून म्हणाली, "देऊ."

 नवऱ्यानं टेम्पोची किल्ली या खिशातून त्या खिशात टाकली. म्हाताऱ्यानं सुनेकडे पाहिलं आणि सेक्रेटरीला म्हणाला की देऊ म्हटलंय ना तिनं, मग देऊ. सेक्रेटरी गेल्यावर तिच्याकडे वळला.

"नवं आहे. उलगडायला जुनं नाही. मी काही सांगणार नाही, कारण मला यातलं येतच नाही. टाकी चालली तर खुर्ची तुझी. नाही चालली तर पहिल्या तारखेला त्या भिंतीवर आरसा लागेल."

ती बरं म्हणाली. पदर खोचला आणि परसात गेली.

लोखंड परसातल्या पत्र्याच्या पेटीत होतं. मोडीत निघालेल्या ट्रान्सफॉर्मरांचे इंग्रजी 'ई' आणि 'आय'च्या आकाराचे पातळ पत्रे, म्हाताऱ्यानं वर्षानुवर्षं जमवलेले. तिनं सगळ्यांत मोठे काढले, मधली दांडी पाच सेंटीमीटर रुंद असलेले. हातानं दाबून गठ्ठा लावला आणि पट्टी धरली: पाच पूर्णांक सहा. पाच गुणिले पाच पूर्णांक सहा म्हणजे अठ्ठावीस. तिच्या हिशेबानं टाकीच्या मशीनला तेवढं लोखंड पुरून उरत होतं. बेचाळीस भागिले अठ्ठावीस, दीड. एका व्होल्टला दीड वेढा. एकशे सत्तर व्होल्टचे दोनशे पंचावन्न, आणि वरच्या साठ व्होल्टचे आणखी नव्वद. एकूण तीनशे पंचेचाळीस. आकडे इतके गोल आणि गुणी निघाले की तिला तो शकुनच वाटला.

पहिला दिवस पुठ्ठ्याचा साचा करण्यात गेला. कोपरे नीट वळले नाहीत तर तार घसरते, म्हणून तिनं ते तीनदा केले. दुसऱ्या दिवशी ती प्रथमच म्हाताऱ्याच्या खुर्चीत बसली. नुसती कडेवर टेकली, पाठ लावली नाही. म्हातारा बाहेरच्या बाकावर जाऊन बसला आणि रस्त्याकडे बघत राहिला. डाव्या हाताच्या अंगठ्याखालून तार सोडायची, उजव्यानं मूठ फिरवायची. प्रत्येक पन्नास वेढ्यांना वाटीत शर्टाचं एक बटण. आतून बारीक तार, बाहेरून जाड. प्रत्येक थरावर कागद. अंगठ्याच्या पेराला तासाभरात खाच पडली, दुपारपर्यंत ती लाल झाली आणि संध्याकाळी तिनं कापडाची चिंधी गुंडाळली. घाम नाकाच्या शेंड्यावरून तारेवर पडू नये म्हणून ती मान तिरकी धरून बसे.

याच वेळी सलूनवाला टेप घेऊन आला. भला माणूस, सध्या झाडाखाली खुर्ची टाकून दाढ्या करायचा आणि छप्पर मिळणार म्हणून हरखला होता. भिंत मोजता मोजता त्यानं विचारलं, "वहिनी, हा मोठा खिळा काढणार की राहू द्यायचा?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली.

तो गोंधळला. म्हाताऱ्यानं बाहेरूनच त्याला सांगितलं की ते खिळ्याचं नाही, वेढ्यांचं आहे, आणि आता तोंड उघडलंस तर तुझीच दाढी करीन. ओट्यावरून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "लागण झाली बघा घरात."

तिसऱ्या दिवशी दुपारी काम झालं. पत्रे एक उलटा एक सुलटा असे साच्यात घातले, बोल्ट आवळले. सेक्रेटरी आला, नवरा आला, सलूनवाला तर होताच. प्रथम बल्ब मधे घालून वीज सोडायची, अशी म्हाताऱ्याची पद्धत. गुंडाळी निरोगी असेल तर बल्ब पेटत नाही. तिनं बटण दाबलं.

बल्ब पिवळा पेटला.

लख्ख नाही, पण पेटला. तिनं बल्ब काढून सरळ वीज दिली. पत्रे गुणगुणायला लागले, मग त्यांचा आवाज असा वाढला की बाकाचं फळकूटही त्याबरोबर थरथरायला लागलं. पंधरा मिनिटांत लोखंडावर हात ठेववेना आणि वार्निशचा वास सुटला. म्हाताऱ्यानं पुढं होऊन बटण बंद केलं. सेक्रेटरी जमिनीकडे बघत म्हणाला की अजून दोन दिवस आहेत, बघा काही होतंय का. त्याच्या बोलण्यात राग नव्हता आणि तेच तिला जास्त लागलं. सलूनवाल्यानं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि उगाचच हवेचा विषय काढला. नवरा तिच्या पाठीमागे उभा होता. त्यानं हळूच विचारलं की चहा टाकू का. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि त्यानं चहा कधी टाकला नव्हता. तिला रडू येता येता हसू आलं.

सगळे गेल्यावर ती परसात बोल्ट सोडून बसली. गरम पत्रे एकेक काढून जमिनीवर ठेवत होती आणि मनात एकच घोकत होती. वेढे चुकले नव्हते, बटणं दोनदा मोजली होती. तार चढली नव्हती. मग बेचाळीस खोटं? सहा वर्षांच्या दोन वह्या खोट्या? एवढा आवाज आणि एवढी आच देऊन लोखंड सांगत होतं की वेढे कमी पडले, वही सांगत होती की बरोबर आहेत, आणि दोघांपैकी कुणाला खोटं म्हणावं ते तिला कळत नव्हतं.

म्हातारा जवळच उकिडवा बसला होता.  सासूबाई उरलेली भाजी टोपलीत झाकून आत यायला निघाल्या. वाटेत पत्र्यांचा गठ्ठा होता. त्यांनी तो बाजूला करायला उचलला आणि तशाच थांबल्या. पुन्हा वर-खाली करून पाहिला. सारा जन्म तागडीपुढं गेलेली बाई ती. मुळ्याची जुडी हातात घेतली तर छटाकाचा फरक सांगायच्या.

"हे लोखंडच आहे ना?" त्यांनी विचारलं. "एवढा मोठा गठ्ठा, आणि हाताला भरत कसा नाही?"

सून म्हणाली की लोखंडच आहे, दुसरं काय असणार. पण म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मग हात पुढं करून एक पत्रा घेतला, त्याच्या कडेला नख घातलं आणि थरथरत्या बोटांनी सोललं. तपकिरी वार्निशाखालून वर्तमानपत्राचा तुकडा निघाला. पत्रा पालटला, त्या बाजूलाही होता. कुठल्या तरी जुन्या कुस्तीची अर्धी बातमी.

"मी चिकटवलेत," म्हातारा म्हणाला. "दर पावसाळ्यात बसून. पत्रे गंजतात, म्हणून. एकेका पत्र्याला दोन्हीकडून कागद, वर वार्निश. लोक म्हणायचे, वायंडर लोखंडाला अंगडी-टोपडी घालतो."

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वहीतली लोखंडं कारखान्यातली होती. त्यांच्या पत्र्यांवर नखाएवढीही जाडी नसलेला लेप असायचा. तिनं या गठ्ठ्याला पट्टी लावली तेव्हा लोखंडाबरोबर वार्निश मोजलं, गंज मोजला आणि कुस्तीची बातमीही मोजली. विजेला त्यातलं फक्त लोखंड कळतं.

"आत्याबाई, तागडी द्या."

दुकानात दुरुस्तीला आलेला एक ट्रान्सफॉर्मर खुला पडला होता, त्याच मापाच्या कोऱ्या पत्र्यांचा. तिनं म्हाताऱ्याच्या पत्र्यांचा चार बोटं जाड गठ्ठा एका पारड्यात ठेवला. दुसऱ्यात कोरे पत्रे घालत गेली. दोन बोटं, अडीच, तीन. तीन बोटांना काटा सरळ झाला. सासूबाईंनी काट्यावर टिचकी मारून पाहिली, तरी तो सरळच राहिला.

चारात तीन. म्हणजे अठ्ठावीसात खरं लोखंड एकवीस. तिनं काडीनं मातीतच लिहिलं: बेचाळीस भागिले एकवीस, दोन. एका व्होल्टला दोन वेढे. दोनशे पंचावन्नचे झाले तीनशे चाळीस, नव्वदाचे एकशे वीस. बेचाळीस खोटं नव्हतं. तिला इतकं हलकं वाटलं की ती तिथंच भिंतीला पाठ टेकून बसली.

म्हातारा मात्र कानकोंडा झाला होता. तो म्हणाला, "माझ्या कागदानं तुझं काम बुडवलं."

"तुमच्या कागदानंच हे पत्रे इतकी वर्षं टिकले," ती म्हणाली. "मी मोजताना सोलून बघायला हवं होतं."

त्यावर सासूबाई म्हणाल्या की चुकीची वाटणी झाली असेल तर माझी तागडी परत द्या, सकाळी कांदे मोजायचेत.

उरलेल्या दोन दिवसांत तिनं घरात कुणाशी धड वाक्य बोललं नाही. नवऱ्यानं स्वयंपाकघर सांभाळलं; भाजीत मीठ दोनदा पडलं, कुणी कुरकुरलं नाही. तिनं जाड तार उलगडून ठेवली, वाकडी झालेली फडक्यातून ओढून ओढून सरळ केली. बारीक तारेला डाग देऊन पुढं पंच्याऐंशी वेढे घातले. मग पुन्हा जाड. पण वेढे वाढले तशी गुंडाळी फुगली, आणि पत्र्यांमधली जागा तर होती तेवढीच. शेवटच्या थराला बारा वेढे राहिले असताना तिनं पट्टी धरून पाहिली आणि तिचा जीव खाली-वर झाला. जेमतेम एका तारेची जागा होती, वरून कागदही जायचा होता.

म्हातारा या वेळी बाहेर बसला नव्हता. तिच्या समोर खोक्यावर बसला होता, तिच्या जुन्या जागेवर. त्यानं लाकडी ठोकळा पुढं केला. गुंडाळीवर ठोकळा धरायचा आणि वरून हळू हळू ठोकत तार बसवायची. जोर जास्त झाला तर लेप फुटतो. ठोकळा त्यानं दोन्ही हातांनी धरला. त्याच्या हातांचा कंप ठोकळ्यात उतरत होता, ठोकळ्यातून तारेत, आणि हातोडी तिनं घेतली.  पाऊण तासात गुंडाळी केसाएवढी, मग दोन केसांएवढी दबली. बारा वेढे बसले. पत्रे आत गेले, शेवटचे चार हातोडीनं.

पाचव्या दिवशी दुपारी दोन वाजता, वीज सगळ्यांत पडलेली असते त्या वेळी, तो ट्रान्सफॉर्मर टेम्पोतून केंद्रावर गेला. नवऱ्यानं तो गोणपाटात गुंडाळून मधल्या सीटवर ठेवला होता आणि खड्डा आला की एका हातानं धरत होता. केंद्रात पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. कॅन घेऊन दहा-बारा बायका उभ्या होत्या. सकाळीच कुणीतरी गावभर सांगितलं होतं. सलूनवाला अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट आला होता.

तिनं जोडण्या केल्या. रात्री वीज चढली की हा खटका पाडायचा, म्हणजे वीज सरळ टाकीला जाईल, हे सेक्रेटरीला दोनदा सांगितलं. मग बल्ब लावला. बल्बाची तार नुसती लालसर झाली, नीट बघितल्याशिवाय दिसेना. बल्ब काढून तिनं मीटर लावला: इकडून एकशे अडुसष्ट, तिकडून दोनशे सत्तावीस. आवाज होता, पण झोपलेल्या मांजराएवढा.

"टाका बटण," ती सेक्रेटरीला म्हणाली.

मशीन एकदा घुमलं. तिनं डोळे मिटले. मग खाडकन आवाज झाला आणि टाकीचं यंत्र सुरळीत धावायला लागलं, धावतच राहिलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्या बाईनं झाकण काढलं आणि आपला कॅन मापाखाली धरला. मागची पुढं सरकली. सेक्रेटरी लिहायला बसला. नवरा तिच्याकडे बघून नुसता हसत होता, मूर्खासारखा, आणि ती लोखंडावर तळहात ठेवून उभी होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. लोखंड ऊन लागलेल्या भांड्याइतकंच कोमट होतं. हात उचलायला तिचं मन होईना.

सलूनवाला म्हाताऱ्याजवळ आला. त्याचं तोंड जरा उतरलं होतं, पण माणूस दिलदार. म्हणाला की झाडाखालीच बरं, वारा लागतो. म्हाताऱ्यानं त्याला सांगितलं की दुकानापुढं पत्र्याची पडवी काढू, तुझी खुर्ची तिथं बसेल. मोटार दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाईक दाढी करून घेईल. सलूनवाल्याला हे इतकं पटलं की अर्ध्या दाढीच्या माणसाला तो हात धरून लगबगीनं घेऊन गेला.

ही बातमी गावात फिरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकान उघडायला गेली तर बाकावर दोन गिऱ्हाइकं बसलेली, पायाशी जळक्या मोटारी. तिनं झाडून घेतलं, खुर्ची पुसली. कडेवर टेकली. मग मागे सरकली आणि पाठ लावली. टायरच्या पट्ट्यांना म्हाताऱ्याच्या पाठीचा खोलगट आकार होता; तो तिला मोठा होत होता, पण बरं वाटलं.

तिनं पहिली मोटार खोलायला घेतली तेव्हा दारात सावली आली. म्हातारा होता. घरातला टेबलपंखा त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, हात हलत होते म्हणून लेकराला धरावं तसा. आत आला नाही. आयुष्यभर हा माणूस त्या उंबऱ्यावरून विचारल्याशिवाय आत-बाहेर करत आला होता; आज उंबऱ्याबाहेरच थांबला आणि घसा साफ केला.

"वायंडर," तो म्हणाला, "रात्री पंखा जळला आमचा. बघता का जरा?"

बाकावरची दोन्ही गिऱ्हाइकं त्याच्याकडे आणि मग तिच्याकडे बघायला लागली. म्हाताऱ्याच्या तोंडावर थट्टेची रेघही नव्हती. आठ वर्षांत त्यानं तिला तू सोडून काही म्हटलं नव्हतं. तिला डोळ्यांपुढचा स्क्रू दिसेना. तिनं पदरानं डोळे पुसले, पान्हा खाली ठेवला आणि पंख्याकडे दुकानदाराच्या नजरेनं पाहिलं.

"ठेवा तिथं," ती म्हणाली. "आधी या दोन मोटारी आहेत. परवा मिळेल."

"बरं," म्हातारा म्हणाला, आणि बाकावर त्या दोघांच्या पलीकडे, रांगेत जाऊन बसला.